एका क्लॅरिनेटच्या अनेक कॉप्या

आधीच सांगून टाकते. या लेखात 'चोरी' हा शब्द मी जपून वापरणार आहे. कारण ज्या कामाचा मी पगार घेत होते, ते काम कायद्याच्या पुस्तकात बहुतेक त्याच शब्दाखाली येतं.

पेणच्या बाजारात विलासशेठचं कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं. गिऱ्हाईक चिठ्ठीवर गाणी लिहून आणायचं, आम्ही ती वेगवेगळ्या कॅसेटींवरून एका कोऱ्या कॅसेटीत उतरवून द्यायचो. दोन डेक शेजारी शेजारी. एकात मूळ, दुसऱ्यात कोरी. एक वाजतो, दुसरा ऐकतो. एवढंच यंत्र. कौशल्य असलंच तर ते पॉजच्या बटणात. गाणं संपून टाळ्या किंवा निवेदकाची बडबड सुरू व्हायच्या आत बोट पडलं पाहिजे. उशीर झाला तर निवेदकाचा अर्धा शब्द आत येतो, घाई झाली तर शेवटचा सूर तुटतो. माझं बोट चांगलं होतं. मीच म्हणते असं नाही, गिऱ्हाइकं 'ताई असतील तेव्हाच येतो' म्हणून परत जायची.

गिऱ्हाइकं एकेक. वडखळ नाक्यावरच्या एका ढाबेवाल्याला तीन तास चालतील अशा कॅसेटी हव्या असत, पण त्यात रडकं गाणं एकही नको. "ड्रायव्हरला बायको आठवली की तो चहावर उठतो. जेवत नाय," असं त्याचं शास्त्र. गणपतीच्या आधी दुकानात पाय ठेवायला जागा नसे. मंडळांचे हलते देखावे, त्यांना निवेदन, निवेदनाला मागे संगीत, आणि राक्षस असला तर त्याचं हसणं. हसायचं काम विलासशेठ स्वतः करत. त्या वर्षांत पेणमध्ये जेवढे राक्षस मेले ते सगळे मरायच्या आधी विलासशेठच्या आवाजात हसले.

हे दिवसाचं. दुकान बंद झालं की मी संघटनेच्या खोलीवर. खाडीचे बांध, खारं पाणी, कंपन्यांनी सोडलेलं पाणी असे आमचे विषय. लिहायला मला शाळेने नाही, पत्रकांनी शिकवलं. पत्रक म्हणजे पाठपोट एक पान. वाचणारा एसटी पकडायच्या घाईत असतो, म्हणून राग कोणावर आहे ते पहिल्या ओळीत आलं पाहिजे आणि काय करायचं ते शेवटच्या. मधे काय आहे ते कोणी वाचत नाही. संपादकांनी हा लेख मागितला तेव्हा म्हणाले, "जरा मधलं लिहा." ते लिहायचा हा प्रयत्न.

मधलं म्हणजे हिराजीकाका.

वडखळच्या पलीकडे खाडीकाठच्या गावातला माणूस. बांध फुटून भाताच्या शेतात खारं पाणी शिरलं, जमीन गेली. थोडे दिवस मिठागरात मीठ ओढायचं काम, आणि लग्नाच्या तिथी आल्या की रोह्याच्या एका ब्रास बँडमध्ये क्लॅरिनेट. मिठागराचं काम कधीही सुटेल असं झालेलं. हातात उरली होती ती बँडमधली पहिल्या क्लॅरिनेटची जागा. बँडचे मालक, ज्यांना सगळे मास्टर म्हणत, तेही आता हातगाडीवर जनरेटर आणि कीबोर्ड ठेवायच्या विचारात होते. कीबोर्ड आला की क्लॅरिनेटवाले कमी होणार, हे सांगायला कोणी ज्योतिषी नको होता.

संघटनेने फुटलेल्या बांधांवर एक स्लाइड शो केला. गावोगावच्या शाळेत खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार करायचा आणि भिंतीवर फोटो दाखवायचे. फोटोंवरचं निवेदन आमच्या सरांनी लिहिलं होतं. सर कॉलेजात शिकवत, संघटना त्यांनीच उभी केलेली. निवेदन फार मोठं होतं. लोक फोटोत आपलं शेत शोधत बसत आणि निवेदन पुढे निघून जाई. म्हणून ठरलं की मधे काही मिनिटं कोणी बोलायचं नाही, नुसतं संगीत.

ते हिराजीकाकांनी केलं. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी पंखा बंद करून, शटर अर्धं खाली ओढून आम्ही रेकॉर्डिंग केलं. विलासशेठच्या जुन्या पेटीच्या एका पट्टीत काडेपेटीची काडी खुपसली, म्हणजे तो एकच सूर धरून राहतो. भाता मी मारत होते. त्याच्यावर हिराजीकाका अगदी खालच्या पट्टीत वाजवत होते. मिठागरात मीठ ओढायची लाकडी फळी असते, तिचा ओल्या मिठावरून जाताना खर्र आवाज होतो. तो आदल्या दिवशी मी माइक घेऊन जाऊन भरून आणला होता. फळी ओढली जाणार, खर्र, मग शांत, आणि त्या शांततेत क्लॅरिनेटचे दोन सूर. परत फळी. घाई कुठेच नाही.

सर ऐकून म्हणाले, "छान आहे. पण यात संघर्ष कुठाय?"

"बांध फुटला तवा आमी वरडलो नाय, सर," हिराजीकाका म्हणाले. "उभे ऱ्हायलो नुसते. बघत."

सरांनी ती ओळ पुढे भाषणात वापरली. ते जाऊ दे.

कॅसेटच्या कव्हरवर काय छापायचं हा प्रश्नच नव्हता. संघटनेच्या प्रत्येक पत्रकाखाली एक ओळ असायची: 'वाचा, कॉपी करा, पुढे द्या. यावर कोणाचा हक्क नाही.' त्यातलं 'वाचा' काढून 'ऐका' केलं. नाव कोणाचंच नाही. चळवळीत नावं घातली की भांडणं लागतात, असा अनुभव होता आणि तो खरा होता. ही पद्धत मला तेव्हा आवडायची, आजही पूर्ण नावडलेली नाही. फक्त एक गंमत तेव्हा दिसली नव्हती. पत्रकावर प्रकाशकाचं नाव छापायलाच लागतं, तसा कायदा आहे, म्हणून प्रत्येक पत्रकाच्या तळाला सरांचं नाव असायचं. कॅसेटचा कायदा कोणाला माहीत नव्हता. तिच्यावर काहीच नव्हतं.

स्लाइड शो पाच-पंचवीस गावांत झाला असेल. धून मात्र पुढे गेली.

सुरुवात गणपतीत झाली. एका मंडळाचा जटायूवधाचा देखावा. कार्यकर्ता काउंटरवर आला. "शेठ, जटायू पडतो तिथं कायतरी द्या. सिनेमातलं नको, मागल्या वर्षी पब्लिक हसलं." विलासशेठनी आमची कॅसेट लावली. कार्यकर्ता अर्ध्या मिनिटात म्हणाला, "हेच." विलासशेठनी त्याला कव्हर दाखवलं. "हक्क कोणाचा नाय. लिवलंच हाय बघ." मी भरून दिली. बाकीच्या मंडळांनी ती त्या मंडळाकडून ऐकली आणि रांग लागली.

त्या वर्षी हिराजीकाका देखावे बघायला पेणला आले. मी त्यांच्याबरोबर फिरले. एका गल्लीत त्यांच्या सुरांवर जटायूचा पंख गळून पडला. पुढच्या गल्लीत दारुड्याची बायको पदराने डोळे पुसत होती, मागे तेच. तिसरीकडे कुऱ्हाड चाललेलं झाड होतं, विद्युत मोटरवर हलणारं. तेच. कॉपीची कॉपी होत गेली की आवाज घासत जातो आणि मागे सूंऽ असं वारं लागतं. चौथ्या मंडळापर्यंत वारंच जास्त होतं.

हिराजीकाका भजी खात उभे होते. म्हणाले, "पक्षी मेला, दारुडा मेला, झाड मेलं. माझ्या हातून लय मेले गो शैला या सालात."

खूश होते. मीही होते. आमची गोष्ट गावभर झाली असं मला वाटलं, आणि ती कोणती गोष्ट होती हे कोणालाच ठाऊक नव्हतं, हे लक्षात आलं नाही.

पहिला खटका त्यानंतरच्या लग्नाच्या हंगामात उडाला. एका हळदीला जेवणं चालू असताना हिराजीकाकांनी बँडमध्ये ती धून काढली. मास्टरांना बँडची म्हणून अशी एक खास चाल हवीच होती. सगळे बँड तीच सिनेमाची गाणी वाजवणार, मग बोलावणारा आपल्याला का बोलावील? पण मास्टर म्हणाले, "हिराजी, ही पेणच्या देखाव्यातली चाल. आपण कशाला वाजवायची?"

"माझी हाय, मास्टर."

"व्हय, आणि जटायू माझा."

बँडमधले सगळे हसले. हिराजीकाकाही हसले म्हणे. मला सांगताना हसले नाहीत.

त्यानंतर प्रमोद आला. रोह्याचा मुलगा, ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा. एसटीतून मांडीवर कीबोर्ड घेऊन आला होता, शेजारच्या सीटचं तिकीट काढायची तयारी ठेवून. त्या कीबोर्डला बाहेरचा आवाज पाजता येत असे. त्याला तो सॅम्पलिंग म्हणायचा. हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: आमच्या दुकानात आम्ही पूर्ण गाणं उचलायचो, प्रमोद एक चिमूट उचलायचा. आमच्या कॅसेटमधली एक खर्र आणि तिच्यामागचे दोन सूर, एवढंच त्याने घेतलं. मग ती चिमूट पट्टीवर बसते. बोट ठेवलं की वाजते, परत ठेवलं की परत. वेग वाढवता येतो, सूर चढवता येतो. शेवटाला सुरुवात जोडली की तोच तुकडा गोल गोल फिरत राहतो. मूळ माणसाने एकदाच फुंकलेलं असतं.

तुकडा स्वच्छ मिळावा म्हणून मूळ टेपवरून मी त्याला काढून दिला. त्याने तिथेच काउंटरवर वेग वाढवला, खाली ढोल टाकला. मिठाची फळी जी मिनिटाला एकदा ओढली जायची ती खर्रखर्र, खर्रखर्र करत नाचायला लागली. विलासशेठचा पाय हलू लागला.

"कोणाचं हो हे?" प्रमोदने विचारलं.

"संघटनेचं," विलासशेठ म्हणाले.

खरं सांगायचं तर प्रमोदने केलं ते चांगलं होतं. पत्रकात मी असं कधी लिहिलं नसतं. पण ते चांगलं होतं. नवरात्रात रोह्याजवळ वरसे गावात त्यावर जो गरबा झाला तो मी पाहिला आहे, थांबवावंसं वाटलं नाही. हिराजीकाकांना मी विचारलं तर म्हणाले, "पोरी नाचतात त्याच्यावर. मना वाईट कशाला वाटंल? फळी तेवढी जोरात ओढतंय तो. एवढ्या जोरात ओढली तर चिखल येल मिठात."

मग मुंबईच्या एका कॅसेट कंपनीने प्रमोदची ती चाल घेऊन नाचाच्या गाण्यांची कॅसेट काढली. कव्हरवर 'संगीत: प्रमोद'. आणि लगोलग रोह्याकडच्या एका रसायनांच्या कंपनीने, नाव घेत नाही, स्वतःवर फिल्म बनवून घेतली. ती त्यांनी शाळाशाळांत दाखवली. खाडीवर उतरणारे बगळे, कंपनीचा बगीचा, पाण्यावरचं ऊन, एक गोड आवाज 'निसर्गाशी आमचं जुनं नातं' म्हणतो, आणि मागे हिराजीकाका. नाचाचा तुकडा नव्हे. आमच्याच कॅसेटमधला, सावकाश. ज्या शाळेत आम्ही घोंगड्या लावून बुडालेली शेतं दाखवली होती, त्याच भिंतीवर.

माझा राग त्या दिवशी जो वर गेला तो खाली आणायला पत्रकाचं एक पान पुरलं नाही. संघटनेची बैठक बसली. सरांनी मथळा सांगितला: 'आमचं संगीत पळवणाऱ्या कंपनीचा धिक्कार!' मी लिहून घेत होते. हिराजीकाका दाराशी बसले होते. ते बैठकीत सहसा बोलत नसत.

"सर, आमचं म्हंजे कोणाचं?"

"आपल्या सर्वांचं, हिराजी."

"मंग त्यांचंबी असंल. खाली लिवलंय ना आपण, पुढे द्या."

सर म्हणाले, चर्चा मूळ मुद्द्यावर आणूया. पत्रक निघालं. मीच लिहिलं, बरं लिहिलं. कंपनीने उत्तर दिलं नाही, फिल्म दाखवत राहिली.

आणि हिराजीकाकांची बँडमधली अडचण तिप्पट झाली. आता त्यांनी ती धून वाजवली की वऱ्हाडातली पोरं ओरडायची, "अरे, प्रमोदची! फास्ट घे की!" कोणी म्हणायचं, कंपनीच्या फिल्ममधली आहे. जितक्या लोकांनी ती घेतली तितके तिचे मालक झाले. आणि ज्याने ती केली तो एकटाच तिची कॉपी मारणारा ठरला. मास्टरांचं बोलणं स्पष्ट होतं. "मला बँडची अशी एक चाल पायजे. तुझी असंल तर तुला ठेवतो, पुढं उभा करतो. नसंल तर पुढल्या तिथींपासून कीबोर्ड येतोय. आणि तुझी हाय ते तू बोलून चालायचं नाय. दुसरं कोण तरी बोलू दे."

दुसरं कोणी बोलावं अशी एक संधी होती. रोह्याला एक सांस्कृतिक मंडळ दर वर्षी वाद्यवादनाची स्पर्धा घेई, त्यात स्वरचित धुनांचा वेगळा गट. हिराजीकाकांनी नाव दिलं. सरांनी येऊन दोन शब्द सांगावेत म्हणून मी त्यांच्याकडे गेले.

सर म्हणाले, "शैला, आपण एका व्यक्तीचं नाव पुढे करायला लागलो तर उद्या प्रत्येक घोषणा कोणाची, प्रत्येक पोस्टर कोणाचं... हे थांबणार कुठे?"

"सर, प्रत्येक पत्रकावर तुमचं नाव असतं."

"ते कायद्यासाठी आहे."

"मग हे बँडमधल्या जागेसाठी आहे."

ते आले नाहीत. माणूस वाईट नाही. जमीन गेलेल्या माणसांसाठी त्यांनी जेवढ्या खेपा घातल्या तेवढ्या मी घातलेल्या नाहीत. पण त्या दिवशी ते आले नाहीत, हे इथे लिहून ठेवते.

स्पर्धा दुपारची होती. मंडळाने रेकॉर्डिंगचं काम विलासशेठना दिलं होतं, म्हणून मी मशीन घेऊन स्टेजच्या बाजूला होतेच. हिराजीकाका बँडचा लाल कोट घालून आले होते, इस्त्री करून. मास्टर शेवटच्या रांगेत, हाताची घडी घालून. प्रमोदही होता. एका गायिकेच्या साथीला आला होता.

हिराजीकाकांनी दोन सूर लावले आणि मधल्या रांगेतून एक जण उठला. "सर, ही प्रमोदची आहे! कॅसेट आहे बाजारात!" हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. परीक्षक तिघे होते, त्यातले प्रमुख एक निवृत्त संगीतशिक्षक. त्यांनी हात वर करून वादन थांबवलं.

मी मशीन चालूच ठेवून पुढे गेले आणि आमची मूळ कॅसेट टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा सारखा करून कव्हर मोठ्याने वाचलं. "ऐका, कॉपी करा, पुढे द्या. यावर कोणाचा हक्क नाही." हॉल हसला. "बाई, यावर यांचं नाव कुठे आहे?"

"नाही," मी म्हटलं. "पण त्यांचीच आहे."

"तसं तर सगळेच म्हणतात."

मी प्रमोदच्या रांगेत गेले. पत्रकात शिकलेली भाषा तोंडात आलीच होती. म्हटलं, "बस इथंच. तुझ्या त्या चिमटीपायी त्यांचं घर बुडतंय."

"ओरडू नको ताई." तो हळू बोलत होता. "मी विचारलं होतं. संघटनेचं आहे म्हणाले. संघटनेचं नाव संगीतकार म्हणून कसं घालणार मी? कॅसेट कंपनीवाला म्हणाला माणसाचं नाव लागतं, मग माझं दिलं."

"आता माणूस समोर आहे."

मुंबईच्या त्या कंपनीबरोबर त्याची दुसरी कॅसेट ठरत होती, हे मला नंतर कळलं. तरी तो उठला आणि स्टेजपाशी जाऊन म्हणाला, "नाच मी बसवला. पण आवाज मी यांच्या कॅसेटमधून उचलला. दोन सूर आणि ती खरखर. बाकी मी पूर्ण कधी ऐकलंच नाय. वाजवू द्या त्यांना, मलाही ऐकायचंय."

परीक्षकांनी वाजवू दिलं. फळी नव्हती, पेटी नव्हती. फळीच्या जागी हिराजीकाका नुसते थांबायचे. मधल्या रांगेतल्या पोरांनी सुरुवातीला टाळ्यांचा ठेका धरला, नाचाचा. हिराजीकाकांनी वेग वाढवला नाही. टाळ्या दोनचार वेळा पुढे पळाल्या, मागे वळून पाहिल्यासारख्या अडखळल्या आणि बंद झाल्या. मग कोणी काही केलं नाही. प्रमोद तिथेच उभा होता, कोणीतरी त्याला शर्टाला धरून बसवलं.

परीक्षक बराच वेळ आपसात बोलत होते. नियमांचा कागद दोनदा वाचला. मग प्रमुखांनी माइक घेतला, आणि वर्गात निकाल वाचावा तसं बोलले. ते मी टेपवरून जसंच्या तसं देते:

"प्रस्तुत धून ही श्री. हिराजी यांचीच स्वतंत्र रचना आहे, असे परीक्षकांचे एकमत झाले आहे. सबब, ती यापूर्वीच ध्वनिमुद्रित झालेली असल्याचेही सिद्ध होत असल्याने, नियमानुसार स्पर्धेतून बाद करण्यात येत आहे."

म्हणजे त्यांची आहे, म्हणून बाद. दुसऱ्याची असती तरी बाद. मी त्या टेबलाकडे निघाले होते, काय काय बोलणार ते तयार होतं, हिराजीकाकांनी माझा दंड धरला.

"गप गो. काय बोलला तो?"

"बाद केलं, काका."

"ते नाय. त्याच्या आधी?"

"तुमचीच आहे म्हणाला."

"माईकवर?"

"माईकवर."

ते तडक शेवटच्या रांगेत मास्टरांकडे गेले. मीही मागोमाग. मास्टर तोंडातलं पान आवरत म्हणाले, "ऐकलं, ऐकलं. बोलला तो. पण हिराजी, हे इथं शेदीडशे माणसांनी ऐकलं. लग्नात वऱ्हाड येतंय कुठनं कुठनं. त्यांना कोण सांगणार? ते प्रमोदचीच म्हणणार."

हिराजीकाका कोटाची बटणं काढत बाहेर गेले. मला वाटलं झालं, संपलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तेव्हा ते काउंटरसमोर उभे होते, हातात कोरी कॅसेट.

"कालचं तू भरलंस ना मशीनवर?"

"हो."

"तो बोलला तेवढं मना काढून दे. एकमत झाले आहे पर्यंत. त्याच्या पुढचं नको."

विलासशेठ मान वर करून बघायला लागले. मी टेप लावली. पहिल्यांदा 'सबब'मधला 'स' आत आला. हिराजीकाका म्हणाले, "कायतरी शेपूट हाय मागं." दुसऱ्यांदा 'आहे' तुटलं. तिसऱ्यांदा बोट बरोबर पडलं. मग मी तो तुकडा मधे जरा जागा सोडून परत परत भरला, कॅसेटची एक बाजू भरेपर्यंत. हे मी प्रमोदकडून शिकले होते.

तेव्हापासून रोह्याचा तो बँड हळदीत जेवणाच्या वेळी थांबतो. हातगाडीवर कीबोर्ड आहे, जनरेटर आहे, कर्णा आहे. कर्ण्यातून शिक्षकी आवाजात येतं की प्रस्तुत धून ही श्री. हिराजी यांचीच स्वतंत्र रचना आहे, असे परीक्षकांचे एकमत झाले आहे. पंगतीत वाढणारे थांबतात, एखादा म्हातारा सरकारी कायतरी आहे समजून टोपी सारखी करतो. मग लाल कोटातले हिराजीकाका पुढे येतात. मास्टरांनी त्यांना पुढेच उभं केलं आहे.

पुढच्याच हंगामात दुसऱ्या एका बँडचे मालक दुकानात आले. त्यांनी ती घोषणा कुठेतरी ऐकली होती. "तेवढीच आम्हालाबी भरून द्या. आमच्या मास्टरचं नाव टाकून. जमंल ना?"

जमलं असतं. नावाएवढी जागा कापून दुसरं बसवणं अवघड नव्हतं, विलासशेठनी डेकची झाकणंही उघडली होती.

"नाही मिळणार," मी म्हटलं.

एवढ्या वर्षांत काउंटरवरून मी परत पाठवलेलं ते पहिलं गिऱ्हाईक. विलासशेठ दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.